काठमांडूला गाडी नेणाऱ्या कोकण रेल्वेच्या अभियंत्यांस

प्रति,
रक्सौल–काठमांडू मार्गाचं काम पाहणारे अभियंते,
कोकण रेल्वे महामंडळ, बेलापूर

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर मी काठमांडूलाच धाडणार होतो, तिथल्या मंत्रालयाला. पण टपाल पोचेपर्यंत तिथे मंत्री तोच असेल याची खात्री कोण देणार? तुम्ही मात्र आहात तिथेच असता. शिवाय तुमचे रूळ माझ्या बागेच्या वरच्या अंगाने जातात, म्हणून आपली ओळख आहे असं मी धरून चालतो. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास मोजणीची माणसं दुर्बीण खांद्यावर टाकून आमच्या कलमांतून फिरली, तेव्हा त्यांना चहा नेऊन देणारा मीच होतो. वडिलांच्या सातबाऱ्यावरचे काही गुंठे मार्गात गेले. तक्रार नाही. त्याच गाडीने पुढे मुलगा शिकायला गेला, आणि गणपतीत त्याच गाडीचं तिकीट मिळालं नाही म्हणून फोनवर चिडतो.

मी अभियंता नव्हे. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. ‘भूवेष्टित देश’ असं फळ्यावर लिहून खाली नेपाळ, भूतान, लाओस, इथिओपिया अशी नावं मुलांकडून पाठ करून घेतली. नेपाळीत यालाच भूपरिवेष्टित म्हणतात, आपल्यापेक्षा दोन अक्षरं जास्त. त्या जास्तीच्या अक्षरांत काय भरलंय ते मला निवृत्त झाल्यावर कळलं, बागेतल्या राखणदारामुळे.

रत्नागिरी-देवगडात हापूसच्या राखणीला नेपाळी माणूस असणं आता इतकं सवयीचं झालंय की कुणाला त्याचं नवल वाटत नाही. दिवाळीच्या मागेपुढे ही माणसं येतात. मोहोर, फवारण्या, वानरांच्या मागे ओरडत फिरणं, काढणी, पेट्या भरणं, आणि मिरग लागायच्या आत परत. सगळे त्यांना बहादूर म्हणतात. ते बहुतेकांचं नाव नसतं, पण विचारतो कोण! आमचा राखणदार बझांग जिल्ह्यातला, नेपाळच्या पार पश्चिमेकडचा. जूनमध्ये तो निघतो तो रत्नागिरीहून दिल्ली, तिथून बसने बनबसा, शारदा नदीचा बंधारा ओलांडून महेंद्रनगर, मग अत्तरिया, डडेल्धुरा करत डोंगरात. पाऊस लवकर आला आणि वाटेत दरड कोसळली की पुढचा हिशेब देवावर.

रक्सौल–काठमांडू रेल्वेची बातमी मी त्याला फोनवर दाखवली. वाटलं, खूश होईल. तो म्हणाला, “सेठ, आपल्याला काठमांडू मुंबईपेक्षा लांब.” आयुष्यात एकदाच गेलाय तो राजधानीला. मग थोडा वेळ गप्प बसला आणि बागेच्या वर बोट दाखवलं. मे महिना होता. तुमची माणसं कंबरेला दोर बांधून कटिंगच्या, म्हणजे रुळांसाठी कापलेल्या डोंगराच्या, उतारावर लटकत होती, सुटे धोंडे पाडत होती, जाळी ताणत होती, खालचं गटार उपसत होती. दर वर्षीचंच काम. तो म्हणाला, “तिकडे हे कोण करणार?”

हे पत्र त्या एका प्रश्नासाठी आहे. बाकीचं आलं ते ओघानं.

तुम्हाला तुमच्याच प्रकल्पाची माहिती देणं म्हणजे काजूवाल्याला काजू विकणं, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडक्यात मांडतो. एप्रिल २०१८ मध्ये दिल्लीत मोदी आणि नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान ओली यांच्यात रक्सौल ते काठमांडू विजेवरच्या रेल्वेचं ठरलं. त्याच वर्षी ऑगस्टअखेर प्राथमिक पाहणीचा करार झाला आणि काम कोकण रेल्वेकडे आलं. २०२१ मध्ये अंतिम मार्ग ठरवण्याच्या पाहणीचा करार झाला. पहिल्या अहवालात लांबी सुमारे १३६ किलोमीटर, त्यातले चाळीसहून अधिक किलोमीटर बोगद्यांत. सुरुवात बिहारच्या सपाटीवर, समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्याही आत. शेवट काठमांडू खोऱ्याच्या दाराशी, चोभारला, साधारण तेराशे मीटरवर. आपल्याकडे कर्जतहून लोणावळ्याला चढताना गाडीला मागून इंजिनं लावावी लागतात, ते सगळं मिळून सहाशे मीटरच्या आतलं प्रकरण. हा त्याच्या दुप्पट घाट, आणि डोंगर सह्याद्रीसारखा म्हातारा होऊन बसलेला नव्हे, अजून हलतोय.

त्याच खोऱ्याच्या तोंडापासून, खोकना गावातून, दुसरा प्रकल्प सुरू होतो: काठमांडू–तराई-मधेश द्रुतमार्ग. तराई-मधेश म्हणजे दक्षिणेची सपाटी. सुमारे ७१ किलोमीटर, निजगढपर्यंत. हे काम २०१७ पासून नेपाळी सेनेकडे आहे. खर्चाचा अंदाज आधी १७५ अब्ज नेपाळी रुपये होता, मग २११ अब्जांच्या वर गेला. मुदत २०२१ ची होती, ती सरकत सरकत २०२७ वर आली. मुंबई-गोवा महामार्ग बघत म्हातारे झालेल्या माझ्यासारख्याने यावर काही बोलू नये हेच बरं.

या द्रुतमार्गाच्या जन्मकुंडलीत एक मुंबईचा ग्रह आहे, तो मात्र सांगितलाच पाहिजे. सेनेच्या आधी हा रस्ता वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या आयएल अँड एफएस गटाकडे जाणार होता. अट अशी की ठरल्यापेक्षा टोल कमी जमला तर फरक नेपाळ सरकारने भरायचा. काठमांडूत गदारोळ झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि पुढे सरकारने तो प्रस्ताव गुंडाळून रस्ता स्वतःच्या पैशाने बांधायचं ठरवलं. त्या वेळी आपल्याकडचे काही लोक म्हणत होते, या नेपाळ्यांना व्यवहार कळत नाही. २०१८ मध्ये ती कंपनी स्वतःच कर्जाखाली बसली आणि आपल्या म्युच्युअल फंडांपासून भविष्य निर्वाह निधीपर्यंत सगळ्यांना घाम फुटला. व्यवहार कुणाला कळत होता, ते ज्याचं त्याने ठरवावं.

२०२४ च्या नोव्हेंबरात, तिहार, म्हणजे तिकडची दिवाळी, होऊन गेल्यावर, मी आणि सौ. पशुपतिनाथाला गेलो. रेल्वेने रक्सौलपर्यंत, मग सीमा ओलांडून वीरगंज. वीरगंजला सिर्सियाचा कोरडा बंदर-तळ आहे, कोलकात्याहून मालगाड्या थेट तिथे येतात. समुद्र नसलेल्या देशातलं बंदर मी पहिल्यांदाच पाहिलं. (नेपाळ सरकारने २०१९ मध्ये जहाज कार्यालयही उघडलं होतं, काठमांडू खोऱ्यात, एकांतकुना, म्हणजे एकांताचा कोपरा, नावाच्या ठिकाणी. नाव मी बनवलेलं नाही.) भरून आलेले डबे रिकामे होऊन ओळीने उभे होते. मी एका ट्रकवाल्याला विचारलं, परत जाताना यात काय भरतात? तो म्हणाला, “हावा.”

वर जाताना बस नारायणगढ, मुगलिन अशी त्रिशूली नदीच्या काठाने गेली. याच रस्त्यावर सिमलताल इथे १२ जुलै २०२४ च्या पहाटे दरडीने दोन बसगाड्या नदीत लोटल्या. साठाहून अधिक माणसं होती. अनेकांचे मृतदेहसुद्धा मिळाले नाहीत, आणि बसही सापडल्या नाहीत. नौबिसेच्या चढावर झ्याप्ले खोला लागतो. तिथे त्याच सप्टेंबरच्या अखेरीस कोंडीत थांबलेल्या गाड्यांवर डोंगर आला, तिसाहून अधिक जीव गेले. आम्ही गेलो तेव्हा रस्ता मोकळा झाला होता, पण कडेला चिखलाचा थर तसाच होता आणि त्यातून एका गाडीच्या सीटचं रेक्झिन वर डोकावत होतं. बसमधलं कुणी खिडकीबाहेर बघत नव्हतं.

येताना आम्ही दक्षिणकालीवरून कुलेखानीच्या वाटेने सुमोने उतरलो. नऊ प्रवासी, टपावर सामान, कलिंगडाएवढ्या दगडांवरून चाललेली गाडी. एका वळणावर चहाच्या टपरीशी ती थांबली. टपरीच्या मागची अर्धी भिंत नव्हती, तिथे निळी ताडपत्री होती. बाईने चहा देता देता हाताने सांगितलं, माती आली, घेऊन गेली. ही वाट सिस्नेरी परिसरातून जाते. तुमच्या पहिल्या अहवालातल्या स्थानकांच्या यादीत सिस्नेरी आहे.

या टापूची एक तारीख भूगोलाच्या मास्तराला माहीत असायलाच हवी. १९ जुलै १९९३ च्या सुमारास इथून जवळच्या तिस्तुंगला २४ तासांत ५४० मिलिमीटर पाऊस झाला. कोकणात राहणाऱ्याला हा आकडा अशक्य वाटणार नाही. पण आपल्याकडे तो पाऊस जांभ्यावर आणि काळ्या पाषाणावर पडतो. तिथे तो महाभारत रांगेच्या फुटलेल्या खडकावर आणि खाली चुरे टेकड्यांच्या भुसभुशीत मातीवर पडला. कुलेखानी वीजप्रकल्पाचा पाण्याचा पोलादी नळ दगडांनी फोडला, त्रिभुवन राजपथावरचे आणि पृथ्वी राजमार्गावरचे पूल वाहून गेले, आणि राजधानीचा रस्ता तुटला. तुमचा मार्ग आणि द्रुतमार्ग हे दोन्ही याच डोंगरांमधून जायचे आहेत.

आता नेपाळात जो वाद चाललाय त्याबद्दल. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, भारताची गाडी की चीनची गाडी, एवढाच तो वाद. चीनचीही एक रेल्वे आखलेली आहे, तिबेटातल्या केरुंगहून काठमांडूला, नेपाळच्या हद्दीत ७२ किलोमीटरच्या आसपास. चिनी संस्थेच्या प्राथमिक अहवालानुसार तिचा ९८ टक्क्यांहून अधिक भाग पूल आणि बोगदे. म्हणजे प्रवाशाला हिमालय दिसायचाच नाही. ८ जुलै २०२५ च्या पुरात त्याच केरुंग नाक्यावरचा, रसुवागढीचा, मैत्री पूल वाहून गेला. पुढे समजा दोन्ही गाड्या आल्याच, तर चीनचे रूळ १,४३५ मिलिमीटर अंतराचे आणि आपले १,६७६. एकीचा माल उतरवून दुसरीत भरावा लागेल. हमालांना काम मिळेल, वाईट नाही.

पण जे नेपाळी गाडी मागतात त्यांची मागणी मला हसण्यावारी न्यायची नाही. मार्च १९८९ मध्ये आपण सीमेवरचे बहुतेक नाके बंद केले. सप्टेंबर २०१५ मध्ये नेपाळचं नवं संविधान आलं आणि पुन्हा जवळजवळ पाच महिने माल अडला, तोही एप्रिलच्या भूकंपात नऊ हजारांच्या घरात माणसं गेल्यावर. दिल्ली म्हणाली आम्ही काही अडवलं नाही, त्या संविधानावर नाराज असलेल्या मधेशी, म्हणजे सपाटीवरच्या, आंदोलकांनी अडवलं. काठमांडूत ज्यांनी त्या थंडीत गॅसचा सिलिंडर मिळेना म्हणून गच्चीवर लाकडं पेटवून भात शिजवला, त्यांच्यापुढे हा खुलासा घेऊन जायची माझी तरी छाती नाही. अशा माणसाला दोन दारं हवीशी वाटली तर ते राजकारण नव्हे, ती धास्ती आहे. आणि जो आज सिमलतालच्या रस्त्याने लेकरं घेऊन दशैंला, म्हणजे दसऱ्याला, गावी जातो, त्याला ‘बोगदा कशाला’ असं विचारणाऱ्याने आधी त्या बसमध्ये बसून यावं.

खोकनाच्या लोकांचं दुखणं वेगळं. नेवार शेतकऱ्यांचं जुनं गाव, मोहरीच्या तेलासाठी नावाजलेलं. द्रुतमार्ग, बाह्य वळणरस्ता, उच्च दाबाची वीजवाहिनी, नवं उपनगर, सगळ्यांच्या रेघा येऊन याच गावाच्या शेतांवर पडल्या. शेजारीच बुंगमती, रातो मच्छिंद्रनाथाचं गाव. नवनाथांची पोथी घरात असलेल्या मराठी माणसाला तिथे परकं वाटत नाही. गोरक्षनाथाने नाग कोंडून धरले, बारा वर्षं पाऊस पडला नाही, तेव्हा मच्छिंद्रनाथाला आणलं, अशी तिथली कथा. आणि चोभार, तुमचं शेवटचं स्थानक, तिथे मंजुश्रीने तलवारीने डोंगर चिरला आणि खोऱ्यातलं तळं बागमतीतून वाहून गेलं म्हणून काठमांडू वसलं. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवलेल्या भूमीतली माणसं आता मंजुश्रीने चिरलेल्या डोंगरातून गाडी नेणार! हे लिहिताना मला गंमत वाटते, खोटं कशाला बोलू. पण परशुरामाने समुद्र एकदाच हटवला आणि तो मोकळा झाला. तुमचं तसं नाही.

तुमचं काय ते सांगतो, म्हणजे तुमचंच तुम्हाला. १९९० मध्ये महामंडळ निघालं, १९९८ च्या २६ जानेवारीला रोह्यापासून ठोकूरपर्यंत मार्ग खुला झाला. ७४१ किलोमीटर, नव्वदावर बोगदे, पानवलचा ६४ मीटर उंच पूल. सात-साडेसात वर्षांत! आम्ही झेंडूची तोरणं बांधून उभे होतो. भाषणांत सगळे म्हणाले, अशक्य ते शक्य झालं. झालंच होतं. मग २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर गाडी आदळली, पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस पुलाखाली गेली, कारण पुन्हा दरड. त्यानंतर तुम्ही खरं काम सुरू केलंत, ज्याला तोरण नसतं. उतार कमी केले, जाळ्या बसवल्या, सिमेंटचे थर मारले, पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक केलं, धो धो पाऊस असला आणि पुढचं दिसेना की ताशी ४० च्या वर जायचं नाही असा दंडक घातलात. जूनपासून रात्री-अपरात्री तुमचा गस्तवाला आमच्या बागेच्या कडेने विजेरी घेऊन जातो. त्याची विजेरी दिसली की सौ. म्हणते, गेला बाबा, आता झोपा. निवसरला रुळाखालची जमीन पावसात खचायची, तिच्याशी तुमची माणसं किती वर्षं झुंजली हे आम्ही जवळून पाहिलंय. आणि एवढं करून जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलंच, गाड्या थांबल्याच.

काश्मीरचंही तुम्हीच सांगा. कटऱ्याच्या पुढच्या कामात तुम्ही होतात, चिनाबवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल तुमच्या नावावर आहे. ६ जून २०२५ ला तो खुला झाला तेव्हा गावातल्या चहाच्या दुकानात टीव्हीपुढे टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. पण तो उधमपूर–बारामुल्ला प्रकल्प नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मंजूर झाला तेव्हा अंदाज अडीच हजार कोटींचा होता आणि शेवटी ४३ हजार कोटींच्या वर गेला. २००८ मध्ये मार्गच बरोबर आहे का या शंकेने काम थांबवून फेरविचार करावा लागला होता. आपल्या देशाने हे पेललं, कारण खजिना मोठा आणि प्रश्न काश्मीरचा. नेपाळचा खजिना तेवढा नाही आणि काठमांडूच्या गाडीचं कर्ज कुणाच्या नावावर चढणार हे अजून उघड्यावर कुणी बोलत नाही.

तेव्हा माझी मागणी अशी. बांधायला किती लागतील ते सगळेच सांगतात. राखायला वर्षाला किती लागतात ते तुम्ही सांगा. तुमच्याकडे पावशतकाची वही आहे. कोणत्या कटिंगवर किती वेळा दरड आली, एक किलोमीटर उतार सांभाळायला किती माणसं लागतात, बोगद्यातलं पाणी उपसायला किती वीज जाते, मार्ग बंद राहिला तर दिवसाला किती नुकसान होतं. जगात फार थोड्यांकडे इतक्या पावसातल्या रेल्वेची अशी वही असेल, चिन्यांकडेही नसेल. ती वही अहवालाला जोडा. परिशिष्टात नको, पहिल्या पानावर. आणि शेजारी लिहा की कोकणात तुमच्या पाठीशी भारतीय रेल्वे आहे, राज्यं आहेत, रोज धावणाऱ्या गाड्यांचं उत्पन्न आहे. तरीही रोख्यांची देणी निस्तरता निस्तरता किती वर्षं गेली तेही लिहा. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

दुसरं, ते ‘हावा’ भरून परतणारे डबे. नेपाळची आयात अलीकडे निर्यातीच्या सहा ते अकरा पट असते, वर्षागणिक थोडं खाली-वर. निर्यात वाढलेली दिसते त्या वर्षीही बारकाईने पाहिलं तर बाहेरून आणलेलं सोयाबीनचं कच्चं तेल शुद्ध करून भारतातच पाठवलेलं असतं, कराच्या फरकासाठी. आणि ते कारखाने तराईत आहेत, काठमांडूत नाहीत. म्हणजे चोभारहून खाली येणारी मालगाडी काय आणणार? वर जाणाऱ्या सिमेंटच्या आणि तांदळाच्या भाड्यातच खाली येणाऱ्या रिकाम्या डब्यांचं भाडं घालावं लागेल. इंधनाचं म्हणाल तर मोतिहारीहून अमलेखगंजला २०१९ पासून ६९ किलोमीटरची वाहिनी आहे, तिथवरच्या टँकरांचा माल तुमच्या गाडीला आता मिळायचा नाही. राहिले ट्रक. ते तुमच्या अहवालात गाडीवर येणार म्हणून धरले असतील, तर सेनेच्या रस्त्याच्या हिशेबात तेच ट्रक टोल भरणार म्हणून धरलेत का? एकाच बैलाला दोन गाड्यांना जुंपलेलं मी पाहिलंय, बैल बसतो. इथिओपियाने जिबूतीपर्यंत चिनी कर्जाने रेल्वे बांधली आणि २०१८ मध्येच परतफेडीची मुदत दहाची तीस वर्षं करून घ्यावी लागली. लाओसची रेल्वे २०२१ च्या डिसेंबरात सुरू झाली, चालते छान, पण तिच्यात ७० टक्के हिस्सा चिनी बाजूचा.

नेपाळात रस्त्याने रेल्वे खाल्ल्याचं उदाहरणही आहे. १९२७ मध्ये रक्सौल ते अमलेखगंज छोटी गाडी सुरू झाली होती. त्या काळी काठमांडूतल्या राणा घराण्याच्या सत्ताधाऱ्यांच्या मोटारी भीमफेदीहून हमालांच्या खांद्यावर डोंगर चढत होत्या. पन्नासच्या दशकात आपल्या लष्कराच्या अभियंत्यांनी त्रिभुवन राजपथ बांधला, आणि १९६५ मध्ये ती गाडी बंद पडली. हेटौड्याहून काठमांडूला मालाचा रोपवे होता, ४२ किलोमीटरचा, तोही गेला. म्हणून विचारतो, द्रुतमार्ग झाल्यावर तुमच्या गाडीचं काय, याचं उत्तर अहवालात आहे का?

तिसरं जनकपूरचं. बिहारच्या जयनगरहून जनकपूरवरून कुर्थाला जाणारी रेल्वे ३५ किलोमीटर, २ एप्रिल २०२२ ला मोदी आणि नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान देउबा यांनी हिरवा झेंडा दाखवला. त्यासाठीच्या दोन डीझेल गाड्या तुम्हीच पुरवल्यात, सप्टेंबर २०२० मध्ये. मधली दीड वर्षं त्या झाकून उभ्या होत्या, कारण नेपाळकडे चालवायला माणसं नव्हती आणि रेल्वेचा कायदा नव्हता. पुढे बिजलपुरापर्यंत मार्ग गेला, बर्दिबासचा शेवटचा तुकडा जमिनीच्या भांडणात अडकला. हा मार्ग सपाट आहे. दरड नाही, बोगदा नाही. तिथे आधी नेपाळी चालक, नेपाळी गँगमन, नेपाळी सिग्नलवाला तयार होऊ द्या. बर्दिबास गाठा, मग निजगढपर्यंत रूळ न्या, तिथून वर द्रुतमार्ग असेलच. डोंगर कुठे पळून जात नाही. आणि पुढे कधी डोंगरात शिरायचंच झालं तर खोकना-चोभारकडे दोन वेगळ्या चिरा पाडू नका, रस्ता आणि रूळ एकाच पट्ट्यातून कसे जातील ते सेनेबरोबर बसून आधी ठरवा. एकाच डोंगराला दोन जागी जखमा केल्या की जाळ्याही दोन लागतात, गस्तवालेही दोन.

यावर तुम्ही म्हणाल, मास्तर, आम्हाला मार्ग आखायला सांगितलंय, धोरण ठरवायला नाही. कबूल. पण डॉक्टरला ऑपरेशन विचारलं तरी नंतर पथ्य काय ते तो सांगतोच. गोव्यात १९९२-९३ मध्ये मार्गावरून आंदोलन पेटलं, न्यायमूर्ती ओझांची समिती बसली, काम रखडलं. लोकांना वेळेवर, त्यांच्या भाषेत, नकाशासकट सांगितलं नाही की काय होतं ते तुमच्या संस्थेएवढं कुणाला माहीत असणार? अहवाल इंग्रजीत दोन मंत्रालयांच्या कपाटांत ठेवू नका. नेपाळीत काढा, नेवारीतही काढा, खोकन्याच्या चौकात लावा.

आणि एक प्रत इकडे पाठवा. लिपी एकच आहे, मला वाचता येईल, अडलं तर राखणदार सांगेल. राखणीच्या खर्चाचं पान मी त्याला मोठ्याने वाचून दाखवणार आहे, प्रश्न त्याचा होता. तो जूनच्या पहिल्या आठवड्यात निघतो, त्याआधी आली तर बरं.

कळावे,
आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक आणि आंबा बागायतदार
ता. जि. रत्नागिरी